सूदाच्या धुक्यात

सौदीत धुकं पडतं, एप्रिल महिन्यात स्वेटर घालावा लागतो आणि माकडं केळ्यांसाठी गाडीच्या टपावर चढतात, असं मी सांगितलं की देवगडातली माणसं माझ्याकडे दयेने बघतात. बिचारी एकोणीस वर्षं वाळूत राहून आली, तेव्हा एवढं व्हायचंच, असा त्यांचा चेहरा. शेजारच्या काकूंनी तर फोटो हातात घेऊन विचारलं, "हे महाबळेश्वर ना गो?" म्हटलं, नाही हो काकू, सौदीच आहे. "असेल असेल," म्हणाल्या आणि फोटो परत देऊन चहा टाकायला आत गेल्या.

म्हणून एकदा सगळं बैजवार लिहूनच काढते. मोबाइलला अजून बटणं होती आणि गुरुवार-शुक्रवार ही तिथली सुट्टी होती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आम्ही रियाधला होतो. माझा नवरा विनायक एका बँकेत नोकरीला, मी घरी, आणि आमची एकुलती एक मुलगी मुक्ता, तिचा जन्मच रियाधचा. शहर सपाट. खिडकीतून पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि सगळ्यावर तोच एक धुळीचा रंग. डोंगर दिसला नाही की माझी चिडचिड होते, हे ह्यांना लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं, पण डोंगराकडे न्यायला ह्यांना अठरा वर्षं लागली. त्यात ह्यांचा एकट्याचा दोष नाही. आमच्यात कुणालाच सौदीत फिरायला जायचं असतं हे सुचत नसे. सुट्टी म्हणजे देवगड, पुणे, लग्नं, मुंजी आणि दाताचा डॉक्टर. आपण इथे राहायला थोडेच आलोय, हे वाक्य आम्ही इतक्या वेळा म्हटलं होतं की राहून राहून मुलं मोठी झाली तरी ते चालूच होतं.

मुक्ताची बारावीची परीक्षा संपली. जूनमध्ये ती पुण्याला माझ्या भावाकडे राहून कॉलेजात जाणार होती. तिथल्या बहुतेक भारतीय मुलांचं असंच असे, बारावी झाली की बॅगा भरायच्या. जाण्याआधी एकदा तिला हा देश दाखवू, असं ह्यांच्या मनात आलं आणि ह्यांनी पाच दिवसांची रजा टाकली. जायचं ठरलं असीरला. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, डोंगरमाथ्यापासून थेट तांबड्या समुद्रापर्यंत पसरलेलं एक राष्ट्रीय उद्यान आहे तिथे. मी आदल्या दिवशी बसून धपाटे, चकल्या आणि गूळपोळ्या केल्या. पोरगी खूश होती, मी खूश होते.

खमीस मुशैतच्या अलीकडे

रविवारी पहाटे निघालो. वाटेतल्या वाळवंटाबद्दल काही लिहीत नाही. रस्ता सरळ, आणि तो सरळच राहतो. दुपार कलली तेव्हा जमीन कुठे जरा उंच व्हायला लागली, हवेतला चटका कमी झाला आणि खमीस मुशैतच्या अलीकडे पोलिसांच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली.

इथे आमच्या हातून जे झालं ते आमच्यासारख्या शहाण्यांच्याच हातून होऊ शकतं. परगावी जायचं तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि नोकरीच्या ठिकाणचं पत्र जवळ लागायचं. ह्यांनी सगळे कागद एका निळ्या फाइलमध्ये घातले होते. गाडी चालवता चालवता हे म्हणाले, "मुक्ता, बँकेचं पत्र काढून ठेव गं." ती पुढच्या सीटवर होती. तिने फाइल मांडीवर घेतली, कागद उलटले आणि एका कागदावर थांबली.

"बाबा, हा खुरूज निहाईचा फॉर्म आहे," ती म्हणाली. "आणि यावर माझं नाव आहे."

खुरूज निहाई म्हणजे कायमचं जाणं. हा शिक्का बसला की तिथे पुन्हा राहायला येता येत नाही. दुसरा मार्ग परतीच्या व्हिसाचा, पण तो सहा महिन्यांचा. तेवढ्यात परत पाऊल टाकलं नाही तर तोही आपोआप बाद. आम्ही दोघांनी विचार केला होता की कॉलेज सोडून दर सहा महिन्यांनी कोण येणार? तेव्हा कायमचाच शिक्का मारून घेऊ. बँकेत सरकारी कामं बघणाऱ्या माणसाने अरबीत फॉर्म भरून दिला, ह्यांनी दाखवलेल्या जागी सही केली. मुक्ताला सावकाश सांगू, म्हणून राहिलं. आणि आमच्या घरात अरबी वाचता येणारं माणूस एकच, तो कागद आम्ही नेमका तिच्याच मांडीवर दिला. कप्पाळ आमचं!

"म्हणजे मी परत नाही येणार?" तिने विचारलं.

"अगं, भेटायला येशीलच की," मी मागून म्हणाले. "पाहुणी म्हणून."

"पाहुणी? आई, आय वॉज बॉर्न हिअर!"

तेवढ्यात पोलीस खिडकीशी आला. इकामा बघितला, पत्र बघितलं, "यल्ला, यल्ला" करत हात हलवला. गाडी पुढे निघाली आणि मुक्ताने कानात इअरफोन घातले. अभाला, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या गावी, पोचेपर्यंत आणि पोचल्यावर खोलीत गूळपोळी पुढे केली तेव्हाही ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. ही पोर जूनमध्ये जाणार, आणि जाताना असं तोंड फिरवून गेली तर काय करायचं, ही एकच काळजी मला त्या रात्रीपासून लागली.

अल सूदा

सोमवारी सकाळी आम्ही अल सूदाच्या डोंगरावर गेलो. अभापासून रस्ता वळणं घेत चढतो. वाटेत दगडमातीची जुनी घरं लागतात. त्यांच्या भिंतीत हातभर अंतरावर सपाट दगडांच्या ओळी बाहेर काढलेल्या असतात, पावसाचं पाणी मातीच्या भिंतीला लागू नये म्हणून. घराला पावसाची भीती वाटते असा देश! मी काच खाली केली. थंड वारा आला आणि त्याबरोबर ओल्या मातीचा, लाकडाच्या चिकाचा वास आला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता.

वर पोचलो आणि मी गाडीतून उतरून उभीच राहिले. बाई गं! आमच्याकडे सडा म्हणतात तो माहीत आहे ना? समुद्राजवळच्या डोंगराचा कातळाचा सपाट माथा. झाडं थोडी, वारा फार, आणि ओल धरली की दगडाच्या फटीफटीतून गवत आणि बारकी फुलं. माझं बालपण अशा सड्यावर गेलं. इथे माझ्यापुढे तसाच सडा पसरलेला, पण कितीतरी उंचावर. करडा दगड, त्यातून फुटलेलं आखूड गवत, पिवळी फुलं आणि मध्ये मध्ये अरारची, म्हणजे तिथल्या जुनिपरची, वाकलेली म्हातारी झाडं. पश्चिमेला जमीन एकदम संपते. तिथे कडा आहे, आणि कड्याखाली ढग.

"अगदी आमचा सडा!" मी म्हणाले.

मग मी थांबलेच नाही. पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसली, अगदी घाटावरची शेतं. घार दिसली, अगदी आमच्या बंदरावरची. तांबड्या तोंडाची माकडं आली तेव्हा अगदी आंबोली. त्यातल्या एका दांडगट नराने ह्यांच्या हातातली केळ्यांची अख्खी पिशवी ओढून नेली आणि आमच्यासमोर बसून एकेक केळं व्यवस्थित सोलून खाल्लं. ह्यांनी "शू शू" केलं तर त्याने दात दाखवले. हे मुकाट्याने गाडीत जाऊन बसले. मी पोट धरून हसले. मुक्तासुद्धा हसली, आणि मला वाटलं, चला, निवळलं.

म्हणून मी लगेच तिला सांगायला गेले, "बघ, पुण्याला गेलीस ना, की मामा तुला ताम्हिणीला नेईल. असंच असतं बघ तिकडे, अगदी असंच!"

झालं. पोरगी गर्रकन वळली.

"आई, स्टॉप! सकाळपासून ऐकतेय मी. याच्यासारखं, त्याच्यासारखं. हे कशासारखं नाहीये! हे हेच आहे! तू इथे अठरा वर्षं राहिलीस आणि तुला इथलं काही दिसलंच नाही. तुला सगळीकडे तुझं देवगडच दिसतं."

"अगं, पण ते आपलं घर आहे..."

"तुझं आहे. माझं काय आहे ते तू मला विचारलंस का? डायरेक्ट फॉर्म भरलात!"

आणि ती अंगावरच्या काळ्या अबायाचा पायघोळ झगा आवरत कड्याच्या बाजूला चालायला लागली. मी हाक मारली नाही. मलाही राग आला होता. एवढ्या खस्ता खाऊन वाढवायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं? मी एका दगडावर बसले आणि चकलीचा डबा उघडला. राग आला की मी खाते, हा माझा जुना रोग आहे.

चौथी चकली खात होते तेव्हा धुकं आलं.

तिथलं धुकं वरून उतरत नाही, कड्याखालून चढून येतं. खालच्या गरम मैदानातली समुद्राची दमट हवा डोंगराला धडकते, वर चढते आणि माथ्यावर आली की तिचं धुकं होतं. आधी कड्याच्या काठावर एक पांढरी कड दिसली. मग ती काठ ओलांडून गवतावरून सरकत आली, अरारच्या बुंध्यांमधून शिरली, आणि बघता बघता समोरची गाडी दिसेनाशी झाली. सगळे आवाज दबून गेले. आणि माझी मुलगी कड्याच्या दिशेने गेली होती.

"मुक्ता!" मी ओरडले. डबा कुठे पडला, झाकण कुठे गेलं, काही कळलं नाही. मी धावायला लागले आणि दहा पावलांवर मला समजलं की मी कुठल्या दिशेला धावतेय हे मलाच माहीत नाही. कडा डावीकडे की समोर? अबाया एका काटेरी झुडपात अडकला, तो मी ओढला, टर्रकन फाटला. मागून कुठूनतरी ह्यांची हाक येत होती, "जागची हलू नकोस! शोभा, हलू नकोस!" मी हलत होते. थांबवत नव्हतं. मुक्ता, मुक्ता, एवढं एकच. मनात नको नको ते यायला लागलं. मी चाचपडत, पायाने आधी दगड तपासत पुढे जात होते आणि मनाशी म्हणत होते, देवा, तो फॉर्म फाडून टाकते, काय हवं ते करते, फक्त ही पोर समोर दिसू दे.

बाईचा आवाज आला, अरबीत. आणि त्यापाठोपाठ मुक्ताचा, "आई! इकडे ये! सरळ ये, कडा त्या बाजूला आहे!"

आवाजाच्या रोखाने गेले. एका मोठ्या अरारखाली सतरंजी अंथरलेली, त्यावर एक म्हातारी बाई बसलेली, जवळ थर्मास आणि पेले. दूर धूसर तिचे दोन नातू चेंडू खेळत होते, धुक्याचं त्यांना काहीच नव्हतं. आणि माझी मुलगी त्या बाईशेजारी मांडी घालून चहा पीत होती.

मी आधी तिला छातीशी धरलं, मग पाठीत एक धपाटा घातला, आणि मग त्या सतरंजीवर बसून रडले. कुणाची ओळख ना पाळख. त्या बाईने काही न विचारता माझ्यापुढे चहा ठेवला. दालचिनी घातलेला, पाकासारखा गोड. हे धापा टाकत आले तेव्हा तिने थर्मास आणि दोन पेले मुक्ताच्या हाती देऊन ह्यांना पलीकडे मुलांजवळ बसायला सांगितलं. पुरुषमाणसाने तिथे बसायचं नव्हतं.

उम्म सालेह

तिचं नाव उम्म सालेह, म्हणजे सालेहची आई. तिथे बाईला मुलाच्या नावानेच ओळखतात. माझंही तिने लगेच बारसं केलं, उम्म मुक्ता. चेहऱ्यावरचा काळा पडदा तिने आमच्यापुरता वर केला होता. कपाळाशी केसांत रैहानची हिरवी डहाळी खोचलेली. मला जीभ चावून गप्प बसावं लागलं, कारण तो वास अगदी आमच्या सब्जाचा होता, आणि त्या दिवशी ते बोलायची सोय नव्हती.

तिचं अरबी डोंगरातलं, तरी मुक्ताला कळत होतं. मुक्ता मला मराठीत सांगत होती. कधी नव्हे ते सलग, कारण मध्ये इंग्रजी घातलं की मी "काय? काय?" करत होते.

"ती विचारतेय, तू हिंदची आणि तुझी मुलगी म्हणते मी रियाधची. असं कसं?"

"तिला सांग, मुलीला काय कळतंय."

मुक्ताने ते सांगितलं नसावं, कारण उम्म सालेह हसली नाही. ती बराच वेळ बोलत राहिली. मुक्ता थांबून थांबून सांगत होती.

"ती म्हणते, ती पण इथली नाही. ती खालची आहे, तिहामाची, समुद्राजवळची. लग्न होऊन वर आली तेव्हा चौदा वर्षांची होती. पहिले दोन हिवाळे ती रडत होती. थंडीने पण, आणि... आणि आईसाठी पण. तिचं गाव इथून दिसतं म्हणते. धुकं गेलं की दाखवते म्हणाली."

"मग नातवंडांना ती नेत असेल ना गावाला?"

मुक्ताने विचारलं. म्हातारी खो खो हसली, हाताने वारा घातल्यासारखं केलं.

"नेते म्हणते वर्षातून एकदा. पोरं गाडीतून उतरतच नाहीत. एसी लावून बसतात. म्हणतात, आजी, आटप लवकर, घरी जाऊ या."

आम्ही तिघी हसलो. मग मी हसायची थांबले. "तिला विचार," मी म्हणाले, "वाईट नाही वाटत?"

उम्म सालेहने माझ्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली. "वाटतं म्हणाली," मुक्ताने सांगितलं, "दरवर्षी वाटतं. पण पोरं म्हणजे काही बकऱ्या नाहीत म्हणते, आपण बांधू त्या खुंट्याला राहायला."

तासाभराने धुकं फाटलं. आधी झाडांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या करड्या दाढ्या दिसल्या, त्यांच्या टोकांना थेंब. मग कड्याचा काठ दिसला. आम्ही बसलो होतो तिथून तो चाळीसेक पावलांवर होता. मग खालचं दिसायला लागलं. एकाखाली एक डोंगराच्या सोंडा, जवळची हिरवी, पुढची निळसर, त्याच्या पुढची नुसती रेघ. खोल दरीत पांढऱ्या ठिपक्यांएवढी घरं आणि सुकलेल्या नदीची वाळू. उम्म सालेहने बोट लांब केलं. तिचं गाव मला शेवटपर्यंत दिसलं नाही, पण मी मान हलवली. मुक्ताला दिसलं म्हणे.

निघताना म्हातारीने आपल्या केसांतली डहाळी काढून मुक्ताच्या कानामागे खोचली.

त्या दिवशी दुपारभर मी त्या माथ्यावर एकटीच हिंडले. कशाचीही कशाशी तुलना न करता बघायचं, असं ठरवून. सोपं नाही हो ते! निळ्या डोक्याचा एक सरडा दगडावर बसला होता, मी त्याच्याकडे बघत बसले. अरारचं खोड पिळलेलं असतं, साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, आणि निळसर फळं बोटांत चुरली की बराच वेळ वास राहतो. वाऱ्याचा आवाज त्या झाडांतून वेगळा येतो, बारीक. या सगळ्याला माझ्याकडे नाव नव्हतं, आठवण नव्हती. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या देशात होते.

बाजार आणि उतार

मंगळवारी अभाच्या बाजारात गेलो. गवताच्या रुंद टोप्या पडद्यावरून घातलेल्या बायका मध, तूप, टोपल्या आणि सुवासिक पाला विकत बसल्या होत्या. जेवायला अरीका घेतला. भाकरीसारखं जाड काहीतरी कुस्करून, मधोमध खळगा करून त्यात तूप आणि मध. मी पहिला घास घेतला आणि मुक्ताकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

"म्हण," ती म्हणाली. "म्हण एकदाचं. तुझं तोंड सुजेल नाहीतर."

"मलिदा!" मी म्हणाले. ती हसली. पण फॉर्मचं कुणीच काढलं नाही, आणि संध्याकाळी खोलीवर ती परत गप्प झाली.

बुधवारी समुद्राकडे उतरलो. तो घाट सांगून कळायचा नाही. एकामागून एक बोगदे, मध्येच दरीवरचे उंच पूल, आणि प्रत्येक बोगद्यातून बाहेर पडलं की हवा आणखी गरम. वर स्वेटर घातलेला, अर्ध्या घाटात तो काढला, तळाशी पोचेपर्यंत पाठीला घामाच्या धारा. झाडंही तशीच बदलत गेली. आधी अरार गेले, मग निवडुंग आणि कोरफड आली, मग बाभळी, आणि शेवटी नुसती वाळू आणि खुरटी झुडपं. मागे वळून बघितलं तर आख्खा डोंगर ढगात होता. खाली, त्याच उद्यानाच्या कडेला, तांबडा समुद्र. तांबडा कसला, निळाशार आणि तळ्यासारखा शांत. किनाऱ्याला तिवरांचं रान आणि त्या रानात गुडघाभर पाण्यात उभे राहून पाला खाणारे उंट. समुद्रात उंट! माझ्याकडे याला कुठलीही आठवण तयार नव्हती, आणि मला त्याचा केवढा आनंद झाला.

टपरीवजा एका हॉटेलात मासा निवडून दिला, त्यांनी तंदुरात भाजून वर्तमानपत्रावर आणून वाढला. देवगडच्या बाईने मान्य करावा असा होता, एवढंच सांगते. मुक्ता आमच्याआधी उठून पाण्याच्या कडेला गेली. अबायाची कड भिजवत, उंटांकडे बघत उभी राहिली.

मी ह्यांना म्हणाले, "अहो, तो फॉर्म बदलू या. परतीचा व्हिसा करू."

हे मासा खाता खाता थांबले. "सहा महिन्यांनी परत तेच होणार शोभा. तिला यायला जमणार नाही."

"न जमू दे."

"तुला कळत नाहीये," हे म्हणाले. "मी सही का केली? ती परत येईल म्हणून दर सहा महिन्यांनी विमानतळाकडे डोळे लावून बसायचं मला जमणार नाही. एकदाच काय ते तुटू दे म्हटलं."

अठरा वर्षांत हा माणूस एवढं सलग बोलला नव्हता. मी ह्यांच्या पानातले काटे बाजूला केले. "तुम्हाला जमणार नाही म्हणून दार तिचं लावायचं का?" मी विचारलं. "मी पण तेच केलं. मला घरी जायचं होतं, म्हणून तिलाही जायचंय असं धरून चालले. आपण तिला एका शब्दाने विचारलं नाही हो."

हे उठले. हात धुतले, मोबाइल घेऊन बाहेर गेले, आणि बँकेच्या त्या माणसाला उन्हात उभे राहून मोडक्यातोडक्या अरबीत समजावत राहिले. मुक्ता लांबून ऐकत होती. शेवटी तिनेच जाऊन ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि दोन वाक्यांत काम केलं. "खलास," म्हणाली आणि फोन परत दिला.

मग ती माझ्याजवळ येऊन वाळूत बसली. भिजलेल्या अबायाचं पाणी माझ्या पायावर गळत होतं.

"आई, खरं सांगू? मी येईनच असं नाही," ती म्हणाली. "मला फक्त येता आलं पाहिजे."

त्यानंतर

गुरुवारी परत निघालो, शुक्रवारी रियाध. जूनमध्ये ती परतीच्या व्हिसावर पुण्याला गेली. विमानतळावर माझ्या गळ्यात पडून रडली, तोंड फिरवून गेली नाही. मला तेवढं पुरे होतं.

मुदत डिसेंबरमध्ये संपत होती. नोव्हेंबरपासून मी फोनवर तिकिटाचं विचारायला लागले. आधी परीक्षा होती, मग कुठलीशी स्पर्धा, मग मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न. मी तिची खोली झाडून ठेवली, चादर बदलली. हे मला काही म्हणत नव्हते, पण रोज संध्याकाळी आल्या आल्या विचारायचे, "फोन आला होता?"

शेवटच्या आठवड्यात तिने फोन उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज होता.

"कुठे आहेस गं?" मी विचारलं.

"घरी," ती म्हणाली. "मामीबरोबर करंज्या करतेय, लग्नाच्या रुखवतासाठी. आई, आता नाही जमणार गं यायला. चालेल ना? तुम्हीच या ना मार्चमध्ये."

"चालेल की," मी म्हणाले. "सारण कोरडं होऊ देऊ नका."

फोन ठेवला आणि ओट्याला धरून मी हमसून हमसून रडले. अठरा वर्षं मला हेच हवं होतं, तिने त्या घराला घर म्हणावं. हे धावत आत आले. "काय झालं? मुक्ता बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणाले. "पोचली घरी."